इंट्रानेटचे कोटेशन मागवण्यापूर्वी: कारखान्यांच्या व्यवस्थापनांस खुले पत्र

प्रति,
पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण आणि रांजणगाव परिसरातील मध्यम कारखान्यांचे व्यवस्थापकीय संचालक, मनुष्यबळ विभागप्रमुख व माहिती-तंत्रज्ञान विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी अनेकांच्या कारखान्यांत कंपनीचे इंट्रानेट, म्हणजे कंपनीतल्या माणसांसाठीचे अंतर्गत संकेतस्थळ, नव्याने उभारण्याचे किंवा जुने बदलण्याचे काम सध्या निघालेले आहे आणि त्याला सबळ कारणेही आहेत. इंट्रानेट चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शेअरपॉइंट या सॉफ्टवेअरच्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांना मिळणारे साहाय्य १४ जुलै २०२६ ही तारीख देऊन थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेले आहे, त्यामुळे ज्यांच्या सर्व्हरवर या आवृत्त्या आहेत त्यांना निर्णय पुढे ढकलण्यास जागा उरलेली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या, आणि रजा, नियुक्तिपत्रे, कामाचे तास यांविषयीची जुनी परिपत्रके तपासून नवी काढण्याचे काम प्रत्येक मनुष्यबळ विभागापुढे आहे. शिवाय वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांना ग्राहकाच्या ऑडिटमध्ये कागदपत्रांच्या नियंत्रणाबद्दल दर वर्षी तेच तेच प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे दर वर्षी नव्याने शोधावी लागतात.

मी या पट्ट्यातील कारखान्यांमध्ये माहिती-व्यवस्थेचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे आपणा सर्वांना एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. सॉफ्टवेअरची कोटेशने मागवण्यापूर्वी, इंट्रानेटवर कोणती पाने असतील, ती कोणासाठी असतील आणि प्रत्येक पान खरे ठेवण्याची जबाबदारी कोणत्या व्यक्तीची असेल, हे व्यवस्थापनाने स्वतः बसून नावानिशी ठरवावे. हे ठरले की सॉफ्टवेअरची निवड तुलनेने सोपी होते. ते न ठरवता घेतलेले कोणतेही सॉफ्टवेअर, मग ते कितीही महाग असो, वर्षभरात जुन्या फायलींची अडगळ होऊन बसते, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

सध्याची रीत साधारण अशी आहे. माहिती-तंत्रज्ञान विभाग तीन पुरवठादारांना बोलावतो. प्रत्येक जण प्रात्यक्षिक दाखवतो, त्यात व्यवस्थापकीय संचालकांचा संदेश, छायाचित्रांची सरकती पट्टी, आजचे वाढदिवस, मतचाचणी आणि गप्पांची खिडकी असते. मग सुविधांचा तक्ता करून त्यात बरोबरच्या खुणा केल्या जातात, सर्वांत कमी दराला मंजुरी मिळते आणि दसऱ्याला किंवा कंपनीच्या वर्धापनदिनी उद्घाटन करायचे ठरते. उद्घाटनाच्या पंधरा दिवस आधी सर्व विभागांना मेल जातो की आपापली माहिती पाठवा. हाताशी असलेल्या वर्ड आणि पीडीएफ फायली विभाग पाठवून देतात, आणि एखादा ट्रेनी त्या जशाच्या तशा चढवतो. पुढे त्या ट्रेनीची मुदत संपते, पुरवठादाराचा माणूस दुसऱ्या कामावर जातो, आणि कोणती फाइल कोणी, का चढवली होती हे सांगणारा कोणी उरत नाही. कामगार आणि सुपरवायझर एक-दोनदा शोधून पाहतात, चुकीचे किंवा जुने काही तरी सापडते, आणि त्यानंतर ते सरळ टाइम ऑफिसला फोन लावतात. त्यांचे यात काहीही चुकत नाही. एकदा खोटी ठरलेली जागा माणसे पुन्हा वापरत नाहीत.

यामुळे प्रत्यक्ष काय होते याचे एक उदाहरण देतो. चाकण पट्ट्यातील एका कारखान्यात टर्निंग करून दिल्या जाणाऱ्या एका भागाच्या बोअरची (आतील छिद्राची) टॉलरन्स, म्हणजे मापातला मान्य फरक, ग्राहकाने बदलली. बदलाची सूचना क्वालिटी विभागाला मेलने आली, डिझाइन विभागाने नवे ड्रॉइंग तयार करून इंट्रानेटवरील आपल्या विभागाच्या फोल्डरमध्ये ठेवले, आणि आपले काम झाले असे समजले. त्याच ड्रॉइंगची आधीची आवृत्ती प्रॉडक्शन विभागाने पूर्वी कधी तरी स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवलेली होती. तिच्याकडे कोणाचे लक्ष असण्याचे कारणच नव्हते, कारण ती कोणाचीच नव्हती. रात्रपाळीच्या सुपरवायझरने भागाचा क्रमांक टाकून शोध घेतला तेव्हा वर आली ती जुनी प्रत. त्यावर ‘कंट्रोल्ड कॉपी’चा (अधिकृत चालू प्रतीचा) शिक्काही होता, कारण स्कॅन केली तेव्हा ती खरोखरच कंट्रोल्ड कॉपी होती. जुन्या मापाने माल तयार झाला आणि माप तपासण्याचा गेजही जुन्याच मापाचा असल्यामुळे तो तपासणीत पास झाला. पुढच्या बैठकीत सुपरवायझरला खुलासा मागण्यात आला. दोन फोल्डरांत एकच ड्रॉइंग दोन आवृत्त्यांत कसे राहिले, याचा खुलासा मात्र कोणाकडेच मागता आला नाही, कारण त्या पानावर जबाबदार माणसाचे नावच नव्हते.

आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता-व्यवस्थापनाचे मानक २०१६ पासून सांगत आले आहे की ग्राहकाकडून आलेल्या अभियांत्रिकी बदलाचा आढावा सूचना मिळाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत पूर्ण व्हावा. आपण सर्व जण ऑडिटसाठी त्याची नोंदवही ठेवतो. माझे म्हणणे असे की ही मुदत नोंदवहीत पाळली जाते आणि मशीनजवळ पाळली जात नाही, आणि या दोहोंमधले अंतर भरून काढणे हेच कारखान्यातील इंट्रानेटचे पहिले काम आहे. ड्रॉइंग, वर्क इन्स्ट्रक्शन (कामाची लेखी सूचना) आणि कंट्रोल प्लॅन (तपासणीचा आराखडा) या तिन्हींची चालू आवृत्ती एकाच पत्त्यावर असावी. इतर कोणत्याही विभागाला तिची प्रत ठेवता येऊ नये, फक्त दुवा देता यावा. नवी आवृत्ती मंजूर होताच जुनी शोधातून आपोआप बाहेर जावी. हे कोणत्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करता येते, पण प्रत ठेवण्यास मनाई करण्याचा निर्णय सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. तो प्लांट हेडने घ्यावा लागतो, आणि प्रॉडक्शनच्या नाराजीला तोंड देऊन तो टिकवावाही लागतो.

इथे थोडा मागचा इतिहास सांगणे मला आवश्यक वाटते. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत आपल्या वरिष्ठांपुढे एक प्रस्ताव ठेवला. त्यांची मुख्य अडचण अशी होती की तिथे येणारी माणसे साधारण दोन वर्षांत निघून जातात, नव्यांना सर्व काही पुन्हा शिकावे लागते, आणि पूर्वी केलेल्या कामाचे तपशील कुठे तरी लिहिलेले असूनही सापडत नाहीत. आज ज्याला आपण वेब म्हणतो ते या प्रस्तावातून उभे राहिले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सर्वांना मोफत खुले केले, पण सुरुवात एका संस्थेची घरची गरज म्हणून झाली होती. तिथल्या लोकांना ते रोज वापरावेसे वाटले, याचे एक कारण म्हणजे त्यावर आणलेली संस्थेची टेलिफोन डिरेक्टरी. आपल्या कारखान्यांतील परिस्थिती याहून फार वेगळी नाही. अप्रेंटिस वर्षभरात जातात, कंत्राटी माणसे त्याहून लवकर बदलतात, अनुभवी टूलरूम फोरमन निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर डायच्या दुरुस्तीचे पंचवीस वर्षांचे ज्ञान जाते. आयएसओ ९००१ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत संस्थेचे ज्ञान जपण्याविषयी स्वतंत्र कलम घातले गेले ते याच कारणाने.

म्हणून पहिल्या टप्प्यात डिरेक्टरी घ्यावी, असा माझा आग्रह आहे. कोणाचा एक्स्टेंशन नंबर काय, गेट पासवर सही कोण करते, या पाळीला प्रथमोपचार येणारा कोण आहे, क्रेनचा परवाना कोणाकडे आहे, मेंटेनन्सचा माणूस रात्री कुठे सापडेल, हे प्रश्न कारखान्यात दिवसभर विचारले जातात. ही डिरेक्टरी हाताने भरलेली असू नये. मनुष्यबळ विभागाच्या मूळ नोंदींतून ती रोज आपोआप तयार व्हावी, म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे नाव दुसऱ्या दिवशी तिथे दिसणार नाही. पहिल्याच महिन्यात डिरेक्टरी खरी आढळली, तर इतर पानांवरही लोक विश्वास टाकू लागतात.

आता इंट्रानेट कोणासाठी, या प्रश्नाकडे येतो. बहुतेक कारखान्यांत त्याचे उत्तर न विचारताच ठरलेले असते: ज्यांना कंपनीचा ईमेल आहे त्यांच्यासाठी. कारखान्यातील बहुसंख्य माणसांना कंपनीचा ईमेल नसतो. मशीनवर काम करणारा कामगार, स्टोअरमधला मदतनीस, कॅन्टीनचा आचारी, सुरक्षारक्षक, कंत्राटदाराचा फिटर, हे सर्व जण लॉगिनच्या पहिल्याच पायरीवर बाहेर राहतात. आणि ज्या माहितीवाचून खरोखर अडते, ती माहिती त्यांनाच हवी असते. ओव्हरटाइम कसा धरला, पगारपत्रकातील ही कपात कशाची, पुढच्या आठवड्यात पाळी कोणती, बसचा मार्ग बदलला का, रसायन डोळ्यात गेले तर आधी काय करायचे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम १०८ असे सांगत होते की कायद्यानुसार लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, आणि त्या मुख्य प्रवेशद्वाराजवळ ठळक, सोयीच्या जागी लावाव्यात. तो कायदा आता नव्या संहितेत विलीन झाला, पण ज्यांनी ते कलम लिहिले त्यांनी वाचणाऱ्याचा विचार आधी केला होता. आपल्या पडद्यांच्या बाबतीतही तसाच विचार व्हावा.

याचा व्यावहारिक अर्थ असा की लॉगिन टोकन नंबर (कामगाराचा हजेरी क्रमांक) आणि पिनने, किंवा हजेरीचे कार्ड लावून करता आले पाहिजे. ज्या शॉपमध्ये मोबाइल नेण्यास बंदी आहे तिथे लाइनजवळ एक पडदा आणि कॅन्टीनच्या वाटेवर दोन-तीन किऑस्क, म्हणजे सर्वांना वापरता येतील असे उभे संगणक, हवेत. किऑस्क मनुष्यबळ विभागाच्या केबिनबाहेर ठेवू नयेत. साहेबांच्या दारासमोर उभे राहून स्वतःचे पगारपत्रक उघडणे कोणालाही आवडत नाही, आणि मागे रांग असेल तर मुळीच नाही. पडद्यावरची बटणे तेलकट बोटांनी दाबता येतील एवढी मोठी असावीत, आणि कोणी तसाच निघून गेला तर थोड्याच वेळात लॉगिन आपोआप बंद व्हावे. सुरक्षेची पाने, आपत्कालीन क्रमांक आणि डिरेक्टरीचा आवश्यक भाग लॉगिनशिवाय दिसला पाहिजे, म्हणजे कंत्राटदाराच्या माणसालाही तो पाहता येईल. अपघात झाला तर जखम कोणत्या यादीतल्या माणसाला झाली हे कोणी विचारत नाही.

भाषेबद्दल मला सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘मराठीची सुविधा आहे’ असे पुरवठादाराने लिहून दिले की आपण निश्चिंत होतो. मेनूची नावे मराठीत आली एवढ्याने काम होत नाही. आपल्याकडची जुनी मराठी परिपत्रके बहुतेक श्रीलिपी, सुरेख यांसारख्या युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर चालणारी समान अक्षर-संकेतपद्धती येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. ती पडद्यावर मराठी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ असते, त्यामुळे त्यांतला एकही शब्द शोधून सापडत नाही. उरलेली परिपत्रके सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली चित्रे असतात, आणि त्यांतही शोध चालत नाही. या फायली जशाच्या तशा चढवल्या तर आपल्या इंट्रानेटवर मराठी मजकूर असून नसल्यासारखा राहील. जी परिपत्रके आजही लागू आहेत तेवढीच निवडून युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्यावीत. ही संख्या वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी निघते, कारण जुन्यांपैकी बरीच नंतरच्या परिपत्रकांनी रद्द झालेली असतात.

युनिकोडमध्येही एक सूक्ष्म अडचण उरते, आणि ती पुरवठादारांना बहुधा ठाऊक नसते. ‘कर्मचाऱ्यांसाठी’ या शब्दातले ‘ऱ्या’ संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे साठवता येते: एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’पासून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह लावून. ‘ॲप्रेंटिस’मधला पहिला स्वरही तसाच दोन प्रकारे साठवला जातो, एकसंध चिन्ह म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. एका कळफलकावर टाइप केलेले परिपत्रक दुसऱ्या कळफलकावरून शोधणाऱ्याला सापडत नाही आणि का सापडत नाही हे कोणालाच कळत नाही. शोधाआधी ही रूपे एकसारखी करून घेण्याची सोय प्रोग्रामरला काही दिवसांत करता येते, मात्र ती मागणीपत्रात लिहिलेली हवी. त्याबरोबरच रजा, सुट्टी, सुटी आणि लीव्ह यांपैकी काहीही टाकले, किंवा रोमन अक्षरांत मराठी शब्द टाइप केला, तरी एकच पान वर यावे अशी शब्दांची जोडयादी ठेवावी लागते. ती यादी बाजारात मिळत नाही. आपल्या कारखान्यात लोक प्रत्यक्ष काय टाइप करतात, याच्या नोंदी पाहून ती कोणी तरी दर महिन्याला वाढवावी लागते.

पानांची मांडणी विभागवार न करता कामानुसार करावी, हे एव्हाना बहुतेकांना मान्य असते, तरी प्रत्यक्षात पुन्हा विभागांचाच नकाशा उतरतो. कारण सोपे आहे: प्रत्येक विभागप्रमुखाला पहिल्या पानावर आपल्या विभागाचे नाव हवे असते. मेडिक्लेमचा अर्ज मनुष्यबळ विभागात, दवाखान्यांची यादी प्रशासनात आणि परताव्याची तारीख लेखा विभागात असेल, तर ज्याची आई रुग्णालयात आहे त्या माणसाने तीन ठिकाणी का फिरावे? यावर स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. लोकांना हव्या असलेल्या गोष्टी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहाव्यात, वेगवेगळ्या विभागांतील आणि पाळ्यांतील माणसांना बोलावून त्यांना त्या आपापल्या समजुतीने गटांत लावायला सांगाव्यात, आणि गटांना नावेही त्यांनाच देऊ द्यावीत. पुढे कच्चा आराखडा तयार झाला की त्यांच्यापैकी पाच-सहा जणांना प्रत्यक्ष काम द्यावे: अमुक भागाचे चालू ड्रॉइंग काढा, मागच्या महिन्याचे पगारपत्रक काढा, अपघाताची नोंद करा. ते कुठे अडखळतात हे शेजारी बसून, न बोलता पाहावे. साहेब शेजारी बसले तर माणसे संकोचतात, म्हणून हे काम त्यांच्या बरोबरीच्या कोणी तरी करावे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रत्येक पानावर, पडद्यावर दिसेल अशा रीतीने, जबाबदार व्यक्तीचे नाव, शेवटच्या तपासणीची तारीख आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. विभागाचे नाव लिहून चालणार नाही, कारण विभागाला फोन लागत नाही. ती व्यक्ती बदलली की नोकरी सोडण्याच्या ना-हरकत यादीत जसे हत्यारे आणि ओळखपत्र परत करणे असते, तसेच ‘पाने कोणाकडे सोपवली’ हेही असावे. तपासणीची तारीख उलटून गेली आणि कोणी पाहिले नाही, तर पानावर ‘ही माहिती तपासलेली नाही’ अशी ठळक पट्टी आपोआप यावी, आणि आणखी काही आठवड्यांनी ते पान शोधातून निघून जावे. विभागप्रमुखांना हे कठोर वाटते. पण पगारी रजेचेच पाहा. जुन्या कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस काम केल्याची अट होती, नव्या संहितेत ती १८० दिवसांवर आली आहे. ज्या पानावर अजून २४० दिवस लिहिलेले आहे ते पान एखाद्या नव्या कामगाराला त्याच्या हक्काच्या रजेपासून दूर ठेवते, आणि ते कंपनीच्या नावाने ठेवते. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ चा आहे. त्यानुसार अंतर्गत समितीचा आदेश ठळक जागी लावणे मालकावर बंधनकारक आहे, आणि समितीच्या सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. बदलून गेलेल्या सदस्याचा क्रमांक तिथे राहिला, तर एखादी मुलगी धीर करून फोन लावते तेव्हा तो उचललाच जात नाही. म्हणून जुन्या पानाला किरकोळ त्रुटी समजणे मला मान्य नाही.

ही सर्व व्यवस्था पाहण्यासाठी एक संपादक लागतो, निदान अर्ध्या वेळाचा. माझ्या मते ही जबाबदारी देण्यास सर्वांत योग्य माणूस आपल्याकडे आधीपासून आहे: क्वालिटी विभागातील डॉक्युमेंट कंट्रोलर. आवृत्ती, मंजुरी, वितरण आणि जुन्या प्रती परत घेणे ही शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. त्याला चांगले मराठी लिहिणारा सहकारी जोडून द्यावा, त्याचे सध्याचे थोडे काम काढून घ्यावे, आणि ज्या विभागप्रमुखाच्या पानांची तपासणी थकलेली आहे त्याचे नाव मासिक आढावा बैठकीत घेण्याचा अधिकार त्याला द्यावा. माहिती-तंत्रज्ञान विभागाने सर्व्हर, लॉगिन, बॅकअप आणि सुरक्षा सांभाळावी. मजकूर खरा ठेवण्याचे ओझे त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे. रजेचा नियम बदलला हे त्या विभागाला कोणी कळवतही नाही.

सॉफ्टवेअरविषयी थोडक्यात लिहितो. आपल्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चे परवाने आधीच असतील तर शेअरपॉइंट ऑनलाइन घेणे स्वाभाविक आहे, मात्र शॉपवरील प्रत्येक माणसासाठी परवान्याचा खर्च किती येईल हे आधी मोजावे. या खर्चामुळेच कामगार यादीतून गळतात. ड्रुपल, मीडियाविकी, नेक्स्टक्लाउड यांसारखी मुक्त सॉफ्टवेअरही चांगली चालतात, परंतु ती सांभाळणारा माणूस हवा. काहीही घेतले तरी करारात एक कलम असावे: आमचा सर्व मजकूर, त्याच्या तारखा आणि आवृत्त्यांसह, आम्हाला कोणत्याही वेळी खुल्या स्वरूपात बाहेर काढता आला पाहिजे. फेसबुकची मालक असलेल्या मेटासारख्या बलाढ्य कंपनीनेही आपली वर्कप्लेस ही कंपन्यांसाठीची अंतर्गत संवादाची सेवा बंद करत असल्याचे मे २०२४ मध्ये जाहीर केले, आणि जगभरच्या ग्राहकांना मुदतीत दुसरी जागा शोधावी लागली. लहान पुरवठादाराच्या बाबतीत ही काळजी अधिकच घ्यायला हवी.

इंट्रानेट आतले आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समजही सोडून द्यावा. जुलै २०२५ मध्ये कंपन्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरील शेअरपॉइंटमधील एका गंभीर त्रुटीचा फायदा घेऊन हल्ले झाले आणि मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. सहा तासांत कळवायचे तर रविवारी रात्री ते कोण करेल, हे आजच ठरलेले हवे. वैयक्तिक माहितीचे तर आपल्याकडे भानच कमी आहे. कॉमन ड्राइव्हवर आधार क्रमांक, बँक खाते आणि घरचा पत्ता असलेल्या कर्मचाऱ्यांच्या एक्सेल फायली सर्वांना उघडतील अशा ठेवलेल्या असतात, आणि स्थलांतराच्या वेळी त्या नव्या इंट्रानेटवर जाऊन शोधात सापडू लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत, आणि योग्य सुरक्षाउपाय न योजल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाचा भाग सोडला तरी, बाई कामगाराचा खासगी मोबाइल क्रमांक साऱ्या प्लांटला दिसू नये एवढी जाण आपल्याला हवी.

व्हॉट्सॲपच्या गटांबद्दल अनेक व्यवस्थापनांची तक्रार असते की लोक इंट्रानेट सोडून तिथेच सर्व काही टाकतात. माझे मत असे की त्या गटांवर बंदी घालू नये. पाळीचा बदल, बसला उशीर, लाइन बंद पडली, अशा घडीच्या निरोपांना ती जागा योग्य आहे. मात्र परिपत्रकाचा फोटो तिथे टाकण्याची सवय मोडावी आणि त्याऐवजी इंट्रानेटवरील पानाचा दुवा पाठवावा. फोटो एकदा फिरू लागला की तो परत बोलावता येत नाही, आणि मागच्या वर्षीचे बोनसचे परिपत्रक या वर्षी पुन्हा फिरून टाइम ऑफिससमोर गर्दी होते.

शेवटी मागणीपत्राविषयी. त्यात सुविधांचा तक्ता जरूर जोडावा, पण प्रात्यक्षिक पुरवठादाराच्या लॅपटॉपवर पाहू नये. आपल्याच शॉपमधील किऑस्कवर, आपल्याच फायली चढवून, टोकन नंबरने लॉगिन करून ते दाखवण्यास सांगावे. ‘कर्मचाऱ्यांसाठी’ हा शब्द दोन वेगवेगळ्या कळफलकांवरून टाइप करून शोधून दाखवावा. एका ड्रॉइंगची नवी आवृत्ती मंजूर केल्यावर जुनी शोधातून जाते का, तपासणीची तारीख उलटलेल्या पानावर पट्टी येते का, आणि सर्व मजकूर बाहेर काढता येतो का, हे तिथेच पाहावे. प्रात्यक्षिकाला विभागप्रमुखांबरोबर रात्रपाळीचा एक सुपरवायझर, एक महिला कामगार आणि कंत्राटदाराचा एक माणूस बसवावा, आणि त्यांचे मत निवडीच्या कागदावर इतरांच्या मताइतक्याच वजनाने लिहावे. ज्या पानांची जबाबदारी कोणी स्वीकारलेली नाही ती पाने पहिल्या टप्प्यात घेऊ नयेत, मग उद्घाटनाच्या दिवशी इंट्रानेट लहान दिसले तरी चालेल.

पानांची यादी आणि जबाबदाऱ्यांचा तक्ता करण्याच्या कामी ज्या कारखान्याला माझी मदत हवी असेल, त्याच्या मनुष्यबळ आणि क्वालिटी विभागाबरोबर बसण्यास मी तयार आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
माहिती-व्यवस्थेच्या कामातील एक अभियंता,
भोसरी